पाण्यातला मनोरा

नदीकाठच्या सायकल सहलीचा आज शेवटचा दिवस होता. इटलीतल्या एका तलावापाशी पोचल्यावर दीपमालाने गावी वेल्ह्याला असलेल्या वडिलांना व्हिडिओ कॉल लावला.

“आबा, हे बघा. धरणात सगळं गाव बुडालं, चर्चचा मनोरा तेवढा वर राहिलाय. लोक लांबून फोटो काढायला येतात.”

आबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

“आन् गावातली माणसं कुठं गेली?”

“ते गाइडने नाही सांगितलं.”

“इचार त्याला. उन्हाळ्यात पाणी हटलं की येत्यात का ती?”

“कशाला, आबा?”

“आपापला उंबरा हुडकायला. आपला मला अजून गावला न्हाई.”