सहा नंबर

“बान्गो!” बोट चालवणाऱ्या मोरिता-सानांनी हाळी घातली आणि बोटीवर नंबर मोजायला सुरुवात झाली. सीलांजवळचं पोहणं आटपलं होतं नि बेटाकडून धुकं उतरत होतं, त्यामुळे त्यांना निघायची घाई होती. एक, दोन, तीन, चार. पाच नंबरच्या बाई “गो!” म्हणाल्या. मग क्षणभर कोणीच बोललं नाही.

“रोकु, शिचि,” उत्तराने मोबाइलमधून मान वर न करता दोन्ही नंबर एका दमात सांगून टाकले. सहा आईचा, सात तिचा. शेवटच्या आजोबांनी “हाचि” म्हटलं. आठ झाले. इंजिन सुरू झालं.

यात काही वावगं आहे असं उत्तराच्या मनातही आलं नाही. योकोहामाला येऊन सहा वर्षं झाली होती आणि आईचं सगळं जपानी बोलणं तिच्याच गळ्यात पडलं होतं. वॉर्ड ऑफिसात तीच बोलायची. पालकसभेत बाईंनी तिच्याबद्दल केलेल्या तक्रारी तीच आईला मराठीत सांगायची, अर्थात जरा छाटून. डेंटिस्टने आईला ‘दुखतंय का?’ विचारलं, तरी ‘नाही’ म्हणणारी उत्तराच. चौदाव्या वर्षी एवढा अधिकार हातात आला की माणूस शेफारतोच.

शिवाय सकाळची लाज अजून गेली नव्हती. धक्क्यावर मोरिता-सानांनी एकदा नंबरांची तालीम घेतली होती, तेव्हा आई ‘काकू’ म्हणावं तशी लांबलचक “रोकूऽ” म्हणाली होती. दोघेतिघे हसले. मोरिता-सान मात्र हसले नाहीत. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून त्यांनी सगळ्यांना बजावलं, “जिबुन दे!” आपला नंबर आपणच म्हणायचा, दुसऱ्याचा कोणी म्हणायचा नाही.

“काय म्हणाले गं?” आईने विचारलं होतं.

“काही नाही. सेफ्टीचं. आई, यापुढे मीच बोलेन, प्लीज.”

सील आणि समुद्रपक्षी बघायचा हा सगळा बेत आईचाच. बाबांना सुट्टी नाही म्हटल्यावर लेकीला घेऊन ती थेट होक्काइदोला आली होती.

आता बोट चांगलीच पुढे आली. उत्तराला एक झकास फोटो सापडला. डोळे मिटून पाठीवर तरंगणारा सील, रविवारी जेवून आडवे झालेले बाबाच जणू. तिने शेजारच्या काळ्या पाठीला कोपराने ढोसलं. “आई, हा बघ ना!”

पाठ वळली. पोहण्याच्या भाड्याच्या काळ्या सुटात नि सगळ्यांसारख्याच काळ्या टोपड्यात आठ नंबरचे आजोबा होते.

उत्तरा उठली. तिने एकेक चेहरा बघितला, केबिनमध्ये डोकावली, पुन्हा एकेक चेहरा बघितला. मोरिता-सान सोडून बोटीवर सातच माणसं होती.

मोरिता-सानांजवळ जाऊन ती उभी राहिली. एरवी चुरूचुरू चालणारं तिचं जपानी आज फुटेना.

“सहा नंबर,” ती कसंबसं म्हणाली. “सहा नंबर मी म्हटला.”

त्यांनी तिच्याकडे एकदाच बघितलं आणि बोट फिरवली. रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं.

बेट आता दिसतच नव्हतं. मघाशी कडे भरून बसलेले पाणकावळेही धुक्याने गिळले होते. नुसता त्यांचा कलकलाट कुठूनतरी येत होता. खडक जवळ आले तसं मोरिता-सानांनी इंजिन बंद केलं. पाण्यात माणूस असताना बोटीखालचा पंखा फिरवणं शक्य नव्हतं.

“आई!” उत्तरा किंचाळली. “आईऽ!” पक्ष्यांच्या गलक्यात तिचा आवाज विरून गेला. पुण्याला आई रोज टँकवर पोहायची, हे तिने स्वतःला दोनदा सांगितलं. पण टँकचं पाणी असं हाडं गोठवणारं नसतं.

मोरिता-सानांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. दोन्ही हात तोंडाशी धरून त्यांनी आवाज दिला.

“बान्गो!”

काही नाही. बोट लाटेवर वर गेली, खाली आली. पाच नंबरच्या बाईंनी उत्तराचा हात धरला. मोरिता-सानांनी पुन्हा आवाज दिला. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा मात्र डावीकडून, अगदी लांबून, काहीतरी आलं.

“रोकूऽऽऽ!”

तोच तो लांबलचक ऊकार. धुक्याला आरपार कापत आला. मोरिता-सानांनी वल्हं घेतलं. ते हाक मारायचे, आई नंबर सांगायची, आणि बोट त्या आवाजाच्या दिशेने तसूतसूने सरकत होती. शेवटी एका खडकाजवळ पोहणाऱ्यांना धरायला बांधलेलं नारिंगी तरंड दिसलं आणि त्याला दोन्ही हातांनी कवटाळलेली आई दिसली. तिच्यापासून दहा हातांवर एक सील डोकं वर काढून तिच्याकडे टकामका बघत होता.

मोरिता-सान आणि उत्तरा, दोघांनी मिळून तिला वर ओढलं. ओठ निळे पडले होते, दात वाजत होते. तिला ब्लँकेटात गुंडाळलं आणि हातात चहा दिला. उत्तरा तिला घट्ट बिलगली.

इंजिनाला हात लावण्याआधी मोरिता-सान वळले. “बान्गो!”

एक, दोन, तीन, चार, पाच.

“रोकू!” आई म्हणाली. या वेळी कोणी हसलं नाही.

मग सगळे थांबले. सात नंबर उत्तराचा. तिने तोंड उघडलं, पण हुंदक्याशिवाय काही बाहेर येईना. तिने आईकडे बघितलं. तू म्हण ना, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं.

आईने चहाचा पेला खाली ठेवला. सकाळी मोरिता-सानांनी स्वतःच्या छातीवर ठेवलं होतं, तसं बोट तिने लेकीच्या छातीवर टेकवलं.

“जिबुन दे,” ती म्हणाली.