खाली फ्लॅश

छत्तीसच्या छत्तीस फ्रेम भरलेल्या होत्या आणि त्यात आई-बाबा कुठंच नव्हते.

संध्यानं निगेटिव्हची शेवटची पट्टी खिडकीच्या उजेडात धरून पुन्हा पाहिली. बुद्धवंदना, आहेर, जेवणाची पंगत, नवरदेवाचे मित्र. सिल्लोडच्या त्या लग्नाचे तीन रोल, तिन्ही पाहून झाले.

"नसंल तर नसंल, पोरी," कडुबाकाका म्हणाले. सिल्लोडला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. आता ते शहरात, हडको कॉलनीत मुलाकडं राहायचे आणि जुन्या निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यांत सांभाळायचे. त्यांचा पत्ता शोधायला संध्याला आठ महिने लागले होते.

बाबा गेले तेव्हा ती दीड वर्षाची होती. आई-बाबांचा जोडीनं असा एकही फोटो घरात नव्हता. त्यांच्या स्वतःच्या लग्नात फोटोवाला परवडलाच नाही. आई एवढंच सांगायची, "सिल्लोडला लांबच्या नात्यातल्या लग्नात काढला होता आमचा. आलाच नाय हातात." पोर त्या एका वाक्याच्या मागंच लागली. फोटोचा नादही तिला बहुतेक तिथूनच लागला असावा.

नाद तरी कसला, तर रोलच्या कॅमेऱ्याचा. चितेगावच्या कंपनीतला पगार आणि ही हौस, मेळ कसा बसायचा? म्हणून ती फिल्मचं मोठं रीळ आणून अंधारात हातानं कापायची, जुन्या रोलच्या डब्यांत भरायची आणि महागड्या रसायनांऐवजी घरीच कॉफी आणि धुण्याच्या सोड्यात धुवायची. बाथरूममधून कॉफीचा वास आला की आई बाहेरून विचारायची, "अगं, आत काय हॉटेल टाकलंस?" बटण दाबायच्या आधी संध्या दहा वेळा विचार करायची. तरी रोल पुरायचा नाही.

आत्ता ती हिरमुसली होती. पण चौकस माणसाचं तोंड गप्प बसतंय होय?

"काका, तीन रोलांत अख्खं लग्न कसं बसवायचात हो? मला एक रविवार भागत नाही त्यात."

काका खुलले. कित्येक वर्षांत त्यांना असलं कुणी विचारलंच नव्हतं. "त्याची हिकमत असती. एका पाव्हण्याचा एकच फोटो. दोघांतिघांना एकातच उभं करायचं. आन् लईच लोक मागं लागले तर खाली फ्लॅश."

"म्हणजे?"

"कॅमेऱ्याचं बटण दाबायचंच नाय. फ्लॅशच्या मागं बारकं बटण असतंय, तेवढं दाबायचं. उजेड पडतो, माणूस खूश, रोल शाबूत." काका पोट धरून हसले. "लग्नात जो तो पोज देऊन उभा. माझ्या बापाची काय रोलची फॅक्टरी व्हती?"

संध्याही हसली. मग तिचं हसू थांबलं.

"कुणाला मारायचात खाली फ्लॅश?"

"लांबचे पाव्हणे. गरीबगुरीब. जे नंतर फोटो मागायला यायचे नायत..." काकांचं वाक्य अर्ध्यात राहिलं. त्यांनी तिच्या हातातल्या पट्टीकडं पाहिलं. "मला खरंच याद नाय, पोरी. लई लग्नं केली."

संध्याला राग आला, चांगलाच आला. पण म्हातारा मान खाली घालून एकेक डबा बंद करत होता. ती चप्पल घालून निघाली.

घरी आई मेथी निवडत बसली होती. "मिळाला?"

काय सांगायचं ते संध्यानं रस्त्यातच ठरवलं होतं. "रोल खराब झाला, आई. पाणी लागलं त्याला."

आईनं जुडी बाजूला ठेवली. "खोटं बोलाया लागलीस. नुस्ता उजेड पाडला व्हता त्यानं."

संध्या बघतच राहिली. "तुला माहीत होतं?"

"व्हय, तवाच. फोटोवाला बघत व्हता नवरदेवाकडं आन् कॅमेरा आमच्याकडं. डोळा लावल्याबिगर कुणी फोटो काढतं का?"

"आणि मला आठ महिने हिंडवलंस?"

"लहानपणी तू सारखं विचारायचीस, म्हणून सांगितलं. एवढी मागं लागशील असं कुठं वाटलं व्हतं?"

"मग तिथंच बोलली का नाहीस? बाबांना तरी सांगायचंस, की फोटो निघालाच नाही."

आई लाजली. पन्नाशी ओलांडलेली आपली आई लाजते, हे संध्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"ह्यांनी फोटोपुरता म्हणून माझ्या खांद्यावर हात ठिवला व्हता. चारचौघांत, पहिल्यांदाच. सांगितलं असतं, तर काढून घेतला असता."