मातीच्या बैलांना आवतन

चिखलीच्या शेतकी प्रदर्शनात जुन्या वळणाचा गोठा मांडला होता. गुरांची साथ असल्यानं आत मातीचीच बैलजोडी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी सोजराबाई तिथं बिनपगारी खांदेमळण दाखवायला गेली. तिची स्वतःची जोडी साथीत गेली होती, मागोमाग पायानं अधू नवराही.

खांद्याला हळद-लोणी चोळताना सवयीनं तोंडून निघालं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माशी बसल्यावर बैलाचं कातडं थरथरतं, तशी बोटांखालची माती थरथरली.

दुसऱ्या दिवशी तिनं पुरणाच्या दोन पोळ्या केल्या. शेजारची तानुबाई म्हणाली, "गोठा रिकामा, पोळ्या कोणासाठी करून राह्यली वं?"

"आवतन देलं हाये मी."

पोळ्या घेऊन ती घरामागच्या आपल्या रिकाम्या गोठ्यात गेली. ओल्या मातीचे खूर खुंट्यापर्यंत उमटले होते. त्यांच्या बाजूनं एक पाय ओढत आलेली माणसाची पावलं होती.

सोजराबाई चुलीपाशी परतली आणि तिसरी पोळी लाटायला बसली.