गळ्यातला डाग

“उल्काच्या गळ्यातला तो डाग आता मला बघवत नाही हो. हरिहर शिमग्याला यायच्या आत काढून टाकत्ये एकदाचा.”

आनंदीबाई पडवीत शेजारच्या सोनूबाईंशी कुजबुजत होत्या. पण आनंदीबाईंची कुजबूज म्हणजे दुसऱ्यांचं मोठ्यानं बोलणं. त्यांनी सुनेला हाक मारली की मिरकरवाड्यातल्या मासळीवाल्या मागे वळून बघतात, असं आळीत म्हणत. माजघरात तांदूळ निवडत बसलेल्या उल्काला शब्द न् शब्द ऐकू आला. तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

म्हणजे सासूबाईंना कळलं होतं.

दिवाळी करून तिचा नवरा हरिहर मुंबईला नोकरीवर परत गेला आणि थोड्याच दिवसांत उल्काच्या गळ्यावर चिंचोक्याएवढा पांढरा ठिपका उठला. मग तो वाढत गेला. ‘कोड’ हा शब्द तिने मनातसुद्धा उच्चारला नव्हता. लग्नात सासूबाईंनी घातलेली ठुशी नेमकी त्याच्यावर बसायची. तेव्हापासून तिने ती गळ्यातून उतरवलीच नव्हती, झोपतानाही नाही. “आमच्या उल्काला ठुशीचा भारी सोस!” असं आनंदीबाई कौतुकाने सगळ्यांना सांगत. ते ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एवढ्या मायेच्या माणसाला आपण फसवतो आहोत, असं वाटायचं.

तिला स्वतःची किळस यायला लागली होती. आपला पेला तिने गुपचूप वेगळा ठेवला होता. आळीत नुकताच पहिला टीव्ही आला होता, रविवारी सगळ्या बायका तिथे दाटीवाटीने बसत. उल्का काहीतरी निमित्त काढून घरीच राही. आणि आंघोळीला गेली की पाय घासायची वजरी गळ्यावर घाशी. दुखलं की वाटे, बरी शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी किळस दुप्पट होऊन परत येई.

आता ती उठली आणि तडक न्हाणीघरात गेली. कडी लावायचंही भान राहिलं नाही. ठुशी वर सरकवून तिने वजरी उचलली. काढूनच टाकायचा ना? मग सासूबाईंना कशाला त्रास!

“उल्का!”

सूप पडल्याचा आवाज ऐकून तिला शोधत आलेल्या आनंदीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी तिच्या हातातली वजरी काढून घेतली आणि खिडकीतून लांब माडाच्या आळ्यात भिरकावली. मग स्वच्छ पाणी घेतलं, पदराचं टोक भिजवलं आणि गळ्यावरचं रक्त टिपायला लागल्या.

“तुम्हीच म्हणालात ना,” उल्का हुंदके देत म्हणाली, “डाग बघवत नाही, काढून टाकते म्हणून. मी घाण आहे, आई. मला माहीत आहे.”

आनंदीबाईंनी कपाळावर हात मारला.

“अगो वेडे, ठुशीचं म्हणत होत्ये मी! सोन्याचा डाग गो! सोनूबाईंचा भाऊ सोनार आहे ना, त्याच्याकडे द्यायची आहे.”

डाग म्हणजे दागिना. या घरात उल्काने हा शब्द कितीदा तरी ऐकला होता. पण मनात एकच गोष्ट ठाण मांडून बसली की कानही तिचंच ऐकतात. म्हणजे सासूबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते आता तिने आपल्याच हाताने दाखवलं होतं!

“आणि हे म्हणशील,” तिच्या गळ्याला हलक्या बोटांनी खोबरेल लावत आनंदीबाई म्हणाल्या, “तर हे मला पौषापासून माहीत आहे. वाळत घातलेल्या पोलक्यांवरचं रक्त मला दिसत नाही होय? डॉक्टरांना विचारून आल्ये मी. कोड कुणाला लागत नाही, आणि ते कुणाचं पापही नव्हे. तू आपणहून सांगशील म्हणून थांबल्ये. चुकलंच माझं. एवढी बडबडी मी, आणि नको तिथे मेली गप्प बसल्ये!”

“आणि हे आले की?”

“त्याला दोघी मिळून सांगू. त्याचं ते पोपटासारखं बाकदार नाक चालवून घेतलंस ना तू?”

रडता रडता उल्काला हसू फुटलं.

“उद्या डॉक्टरांकडे जाऊ, ही जखम दाखवू. आणि पुन्हा असं काही मनात आलं तर न्हाणीत जायचं नाही. मला हाक मारायची. मी स्वयंपाकात असो की झोपलेली असो.”

आनंदीबाईंनी ठुशीची दोरी सैल केली आणि ती तिच्या डोक्यावरून काढून घेतली. उल्काचा हात आपोआप गळ्याकडे गेला. त्यांनी तो धरून खाली आणला आणि तसाच हातात ठेवला.

“पण ठुशी मोडायची कशाला?” उल्काने विचारलं.

“मोडत्ये कशाला? हेच मणी लांब सरात गाठवून घ्यायचेत. पार छातीवर रुळायला हवा. गळा मोकळा राहू दे.” आनंदीबाईंचा आवाज आता पहिल्यासारखा आळीभर गेला. “अगो, अंगावरचा डाग कधी कुणी लपवतं का?”