झोपलेली बीजं

स्त्रीबीजांच्या आठही फोटोंखाली वृंदाचंच नाव छापलेलं होतं. एकही फळलं नाही, असं डॉक्टर म्हणाल्या तसं नवऱ्यानं ते नाव वाचलं आणि तिथंच तिच्या कानाखाली वाजवली. तिचा चष्मा टेबलाखाली जाऊन पडला.

"खोट हिच्यातच आहे. कागदावर लिहिलंय."

"प्रत्येक फोटोवर बाईचंच नाव घालतो आम्ही, दोष कुणाचाही असो." डॉक्टरांचा आवाज चढला. "शुक्राणू आत गेला की बीजाला जागं करायचा इशारा त्यानं द्यायचा असतो. तुमचे शुक्राणू आत गेले आणि गप्प बसले."

त्यानं फोटो टराटरा फाडले. मग दातओठ खात विचारलं, "उपाय?"

"तो इशारा औषधानं देता येतो. हिची आणखी सहा बीजं गोठवून ठेवली आहेत. या संमतीच्या अर्जावर दोघांची सही लागेल."

त्यानं सही ठोकली आणि पेन तिच्या अंगावर फेकलं.

वृंदानं चष्मा डोळ्यांवर चढवला. एक काच तडकली होती. तिनं अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि पेनाला टोपण लावलं.

"झोपू देत त्यांना, मॅडम," ती म्हणाली. "जागी झाली तर आमच्याच घरी येतील."