लांब शेपटीचं कुळ

ताटलीतला मासा पुढून एक होता आणि मागून दुसरा.

तिने डोळे चोळले आणि भिंगाखाली पुन्हा पाहिलं. करंगळीएवढा मासा. मागे फितीसारखी लांबलचक, काचेसारखी आरपार शेपटी, अर्धी गळून पडलेली. ही शेपटी तिच्या सरांनी शोधलेल्या माशाची. पण पुढे तोंड कल्ल्यांपर्यंत फाटलं होतं आणि कातडीवर तांबूस रंग चढत होता. हा जबडा पार खालच्या, काळोखातल्या माशाचा. संग्रहालयात या दोघांची कुळं वेगळी, कपाटं वेगळी. एकच मासा दोन्हीकडचा असणं शक्यच नव्हतं, आणि तो तर समोर पडला होता.

तिने दोन्ही कपाटांतल्या बरण्या काढल्या. वरच्या पाण्यातले फीतवाले सगळे चिमुकले. अंडी असलेली एकही मादी नाही. खोल पाण्यातले जबडेवाले सगळे थोराड. पिल्लू औषधालाही नाही. जनुकांची तपासणी करून घेतली. उत्तर आलं ते तिने आधीच ओळखलं होतं. कुळं दोन नव्हतीच. बालपण वर, मोठेपण खाली, एवढाच फरक.

आनंदाने ती खुर्चीतून उठली आणि तशीच खाली बसली. शास्त्रात एका माशाला दोन नावं चालत नाहीत. जुनं राहतं, नवं बाद होतं. आणि नवं होतं सरांचं. त्यांनी फीतवाल्याला आपल्या बायकोचं नाव दिलं होतं. काकू जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. प्रबंध लिहिताना हिला घासभर खायला घालून मगच घरी जाऊ देणाऱ्या त्या काकू.

जबडेवाल्याचं जुनं नाव ज्यांनी दिलं, त्या मित्राशी तर सरांचा उभा दावा. तरुणपणी दोघं एकाच जहाजावर, एकाच खोलीत राहिलेले. पुढे भर सभेत मित्राने सरांच्या माशाला ‘दोऱ्याला बांधलेलं डोकं’ म्हटलं, सरांनी त्याच्या माशाला ‘पोहणारी जांभई’ म्हटलं, आणि बोलणं तुटलं ते तुटलंच.

दुसऱ्या दिवशी ती बरणी पिशवीत घालून सरांकडे गेली. रस्ताभर तिने वाक्यं जुळवली होती; दारातच ती सगळी विसरली. मग तिने नुसती बरणी त्यांच्या हातात दिली.

सर खिडकीशी गेले. बरणी उजेडात धरून त्यांनी ती हळूहळू फिरवली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. न राहवून तीच म्हणाली, “सर, नियमाने काकूंचं नाव जाईल.”

ते त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी विचारलं, “म्हणजे ही मोठी होतात?”

“होतात. शेपटी गाळतात आणि खाली जातात.”

सर खुर्चीत टेकले. मला वाटायचं, ते सांगू लागले, की आपण दुबळं काहीतरी गोळा करत बसलोय, जन्मतं आणि वरच्या वर मरून जातं. तुझ्या काकूंनाही त्यांची दया यायची. आणि नावाचं म्हणशील, तर ते तिला कधीच आवडलं नव्हतं. माशाला माझं नाव कशाला, म्हणून दोन दिवस अबोला धरला होता तिने. सांगता सांगता ते हसले. मग त्यांनी तिच्याकडे मोबाईल मागितला आणि एक नंबर तोंडपाठ सांगितला. तिने तो लावला. कुणाचा, हे पलीकडचा थकलेला आवाज येईपर्यंत तिला कळलं नाही.

सरांनी मोबाईल आपल्या कानाला लावला.

“मी बोलतोय,” ते म्हणाले. “अरे, तू जन्मभर शोधलीस ना, तुझी पिल्लं. माझ्याकडे आहेत.”