कळवायचं राहिलेलं एक दुकान

ती कॉफीच्या दुकानात आली तेव्हा दुकानवाले काका तेलातून फलाफलचे गोळे काढत होते. मान वर न करताच त्यांनी आतल्या भटारखान्याकडे हाक दिली, "अगं, तुझी चष्मेवाली आली बघ! सोळा दिवसांनी. मला वाटलं, आमचा बाकलावा सोडून हिने दुसरीकडे सूत जमवलं."

ती हसली. जमलं तिला.

समोरच्या चष्म्याच्या दुकानात ती नंबरच्या काचा घासायची. आजपासून परत कामावर. दुकान उघडायला वीस मिनिटं होती. एक कॉफी मागायची, घशाखाली उतरवायची आणि रस्ता ओलांडायचा. कुणाला काही सांगत बसायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. तसं सगळ्यांना सांगून झालं होतं. नवऱ्याने हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून एकेकाला फोन केले होते. तिच्या आईला, त्याच्या आईला, तिच्या मालकाला, पाळणा देणार होती त्या मावशीलासुद्धा. कॉफीच्या दुकानात कोण फोन करून कळवतं?

आणि तिला दिवस गेल्याचं सगळ्यांच्या आधी कळलं होतं ते इथेच. साडेतीन महिन्यांपूर्वी एका सकाळी तिने कॉफीचा वास घेऊन कप बाजूला सारला, तेव्हा काकींनी काही न विचारता तो उचलला आणि पुदिन्याचा चहा आणून ठेवला. आईला तोवर पत्ताही नव्हता. तेव्हापासून ती दारात दिसली रे दिसली, की ग्लासात पुदिना पडायचा. तोंड उघडावं लागायचंच नाही.

आजही ग्लास आला. शेजारी बशी. बशीत पाकातल्या बाकलाव्याच्या तिरक्या कापलेल्या दोन वड्या, एक नेहमीची आणि एक नखाएवढी.

"ही तुझी, ही आमच्या छोट्या गिऱ्हाइकाची," काका म्हणाले. "उगाच दोघांत भांडणं नकोत."

"काका, आज कॉफी द्या."

"कॉफी? अजून चार महिने नाव काढायचं नाही. काकीचा हुकूम. मी तिचा नवरा असून मला मोडता येत नाही, तू कोण लागून गेलीस?"

रांगेत मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"द्या ना. कडक करा."

"हट्ट करू नकोस हं. तू पिशील आणि ते बिचारं आत रात्रभर..."

"आता चालते मला, काका."

हे ती अगदी हळू म्हणाली, त्यांना लागू नये अशा बेताने.

काकांचा झारा तसाच हवेत राहिला, तेल ठिबकत. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग ओढणीच्या आड तिच्या पोटाकडे, आणि चटका बसल्यासारखी नजर काढून घेतली. बशी परत न्यावी की राहू द्यावी, त्यांना कळेना. त्यांनी ती उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली.

"माझं सँडविच झालं का?" रांगेतल्या माणसाने विचारलं.

"थांबा हो!" काका एवढ्या जोरात खेकसले, की तो माणूस दोन पावलं मागे सरला.

काकी बाहेर आल्या. हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. काकांच्या हातातली बशी त्यांनी काढून घेतली, ग्लासही उचलला. मग हात न धुताच लांब दांड्याचं पितळी भांडं घेतलं, पाणी मोजलं, कॉफीची पूड टाकली. भांडं विस्तवावर ठेवायच्या आधी मात्र त्या थांबल्या. या कॉफीला साखर उकळतानाच पडावी लागते. मागाहून ढवळलं तर तळाचा गाळ वर येतो. तिचं जुनं माप काकींच्या हाताला आठवेना; विचारल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"साखर किती घालू, पोरी?"

तिने सांगायला तोंड उघडलं, पण किती ते तिलाही आठवेना. सहा वर्षं रोज दोन-दोन कप ती इथे उभी राहून प्यायली होती.

"कशी घ्यायचे हो मी, काकी?" तिने विचारलं. "आधी?"